चारही पायांवरची कालवं

बाबा, घरातलं बाहेर बोलायचं नाही असं तुम्ही म्हणालेलात, आणि परवा मी ते ऑफिसात सगळ्यांसमोर बोललो. आधीच सांगतो, म्हणजे मी माफी मागतोय असं वाटायला नको.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो. मग डिप्लोमाला गेलेलो, दीड वर्षात सोडला. कुरिअर केलं, टेंभी नाक्याला नवरात्रात लायटिंग केलं, एकाच्या बाइकवर मागे बसून स्पितीपर्यंत जाऊन आलो, तिथे एक कुत्रा होता, तो... ते राहू दे. सध्या ठाण्यात बाळकुमला एका छोट्या ऑफिसात कॉम्प्युटरवर समुद्र बनवतो. तुम्ही महिना महिना कामाला जायचात तसला समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म स्क्रीनवर उभा करायचा आणि शंभर वर्षांत एखादीच येईल एवढी लाट त्याच्यावर सोडायची. पायांवर किती जोर येतो ते रंगात दिसतं. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे झेपणार नाही. गेमचे नकाशे बनवत बसायचो, ते इथे कामाला आलं. आई अजून लोकांना सांगते, "तो व्हिडिओचं काहीतरी करतो."

मोहन्याच्या घरातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही सुट्टीवर आलायत, पाटावर बसलायत, शिंपल्यांनी हात कापलेत आणि आई त्यात हळद भरतेय. प्लॅटफॉर्मच्या पायांना चिकटलेली कालवं खरवडायची, हे तुमचं काम. तुम्ही हसत सांगताय, की तपासणीचा कॅमेरा उतरणार तेवढीच बाजू साफ करतो, थराचं मोजमापही तिथेच होतं, आणि तोच आकडा चारही पायांना लावतात, वरपासून खालपर्यंत. "वरती वीतभर थर असतो खरा. उजेड मिळतो ना. खाली कमी."

"मग हे खोटं नाही का?" मी विचारतो.

"तपासणीचा साहेब बोटीत ओकत होता रे. त्याला घरी जायचं होतं, आम्हालाही." मग तुमचं हसू जातं. "बाहेर बोललास तर याद राख. चौघांची नोकरी जाईल."

मी तेव्हा दहा वर्षांचा. मान हलवली.

मागच्या महिन्यात एका जुन्या प्लॅटफॉर्मची फाइल आली. तो अजून दहा वर्षं चालवायचा का, ते ठरवायचं होतं. तुमचा असेलही, नसेलही. थराची जाडी लिहिलेली दोन सेंटीमीटर. चारही पाय, वर, खाली, प्रत्येक तपासणीला दोनच. आधीच्याचं नंतरच्याने उतरवलेलं. थर वाढला की पाय जाड होतो, आणि जाड पायाला लाट जास्त रेटते, एवढं साधं आहे. दोनला सगळं हिरवं आलं. मी कुणाला न विचारता वरच्या भागात वीतभर थर टाकला आणि लाट सोडली. एका पायाचा सांधा लाल झाला.

"हा आकडा कुठून आणलास?" मॅडमनी विचारलं. त्या डोंबिवलीच्या, आमच्यात सगळ्यात सीनियर.

"मॅडम, ते एकच बाजू साफ करून तीच मोजतात. तो रिपोर्ट खोटा आहे."

शेजारचा इंजिनीअर म्हणाला, "भाई, तू अलिबागच्या पुढे समुद्र बघितलायस का?" सगळे हसले.

सर केबिनमधून आले. "डिप्लोमा पूर्ण नाही याचा. दोन टाक, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"दोन टाकणार नाही, सर. तिथे वर माणसं झोपतात."

बाबा, तुम्हीसुद्धा त्याच पायांवर झोपायचात. तुम्हाला हे कधी सुचलं नाही? की सुचलं आणि गप्प बसलात? माझं सगळं अर्धवट आहे, मान्य. पण साहेबाला बोट लागली म्हणून हसून सोडून देणं मला जमणार नाही, आणि ते तुमच्याकडून शिकायचंही नाही.

मॅडमनी तो लाल सांधा मोठा करून बघितला. मग स्वतःच्या नावाने लिहून दिलं, की चारही बाजूंनी, प्रत्येक खोलीवर नव्याने मोजा, तोपर्यंत रिपोर्ट जाणार नाही. सरांनी तोंड वाकडं करून सही केली. माझं काम राहील की नाही, अजून कळलेलं नाही. गेलं तर गेलं. गोव्याला एक जण होड्या रंगवायला बोलावतोय.

हे पत्र आईलाही दाखवणार नाही, त्याला कारण आहे. त्या दिवशी लिफ्टपाशी मॅडमनी हळूच विचारलं, "हे तुला सांगितलं कोणी?"

"ओळखीतले एक काका होते," मी म्हणालो. "वारले."

एवढं सगळं बोललो, बाबा, पण "माझे वडील" तेवढं तोंडातून निघालं नाही.