चौथा कॅमेरा

ताइनान,
१२ मार्च

प्रिय मिंग-हुंगदादा,

तू, वहिनी आणि मुलं बरी असाल. इकडे उकाडा सुरू झालाय. आई काल सुखरूप पोचली. तिच्याबरोबर पाठवलेल्या अननसाच्या वड्या मिळाल्या.

तुझ्या चिपचं मला आधीच कळलं होतं. ती बसवणाऱ्या गाडी कंपनीच्या साहेबांनीच फोन केला होता. चारही कॅमेरे एकदम चालू झाले की चौथ्याचं चित्र गोठतं. तुझ्या कंपनीच्या शिंचूच्या बैठकीत मी दुसरं काय सांगत होते? तुझ्या चिपमधला कॅमेऱ्यांची चित्रं मेमरीपर्यंत नेणारा भाग मी तीन कॅमेऱ्यांच्या जुन्या चिपसाठी केला होता. तयार भाग नव्या चिपमध्ये खुशाल वापरावेत, पण एकत्र बसवल्यावर ते एकमेकांची वाट अडवतात का, हे तपासावंच लागतं.

तू सगळ्यांदेखत म्हणालास, "तयार भाग घेतो ते वेळ वाचावा म्हणून. घटस्फोट झाल्यापासून हिला जोडलेलं सगळंच तुटताना दिसतं." सगळे हसले. पुढच्याच महिन्यात मला काढून टाकलंस.

तेही मी गिळलं. पण चौथा कॅमेरा गाडीच्या मागचा होता, दादा. काऊशुंगच्या बाजारात गाडी मागे घेताना चालकाला ती फळवाली दिसलीच नाही. तिचे दोन्ही पाय गेले. आणि तू गाडी कंपनीला कळवलंस की दोष बहिणीच्या भागाचा आहे. मी तो कबूल करावा, म्हणून आईला पाठवलंस.

माशाची पेज समोर ठेवली, तर तिने वाडग्याला हात लावला नाही.

"श्यू-चिन, चूक तुझी म्हणून टाक ना. दादाला दोन पोरं आहेत. तुझ्यामागे रडायला कोण आहे?"

"तू नाहीस?"

ती खुर्चीवरून उतरली आणि माझ्यापुढे गुडघे टेकून बसली. सत्तरी उलटलेली बाई, तुझ्यासाठी.

मी तिला उठवलं नाही. ती तशी बसलेली असतानाच साहेबांना फोन लावला. म्हटलं, "भावाला मी आधीच बजावलं होतं. त्याने तपासू दिलं नाही. हे कुणासमोरही सांगेन."

आईने सगळं ऐकलं. टेबलाला धरून आपली आपणच उठली.

"तुझी मामी तुला दत्तक मागत होती," ती म्हणाली. "तेव्हाच देऊन टाकायला हवं होतं."

संध्याकाळच्या गाडीने ती परत निघाली. स्टेशनवर माझ्या शेजारी बसली नाही. आतापर्यंत तुझ्या घरी पोचून तिने तुला सगळं सांगितलंही असेल, एवढं सोडून. गाडी आली, तिची पिशवी मी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "मला मामीला आता दे."

तिने होकारार्थी मान हलवली.

कालपर्यंत तुझी धाकटी बहीण असलेली,
श्यू-चिन