सहाव्या कुंडीतली पट्टी

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो. गुडघ्यांमुळे प्रत्यक्ष वाकणं बंद आहे.) तुझी कंबर कशी आहे? माझी छाती धडधडते, पण डॉक्टर म्हणतात, ती धडधडायलाच असते. हल्लीच्या डॉक्टरांना गांभीर्य नाही.

आता मुद्द्याचं. सूनबाईने रंगाच्या कारखान्यातली नोकरी सोडली हे तुला ठाऊकच आहे. त्या वासाने तिचा खोकला जात नव्हता. आता ती मागच्या खोलीत बटाट्याच्या सालींपासून प्लास्टिक करते. थट्टा नाही. वेफर्सच्या कारखान्यातून सालींची पोती येतात, ती त्यांचं पीठ काढते, त्यात संत्र्याच्या सालींचा चुरा आणि ग्लिसरीन घालून शिजवते आणि ताटांवर पसरून वाळवते. पापुद्र्यासारखा कागद निघतो. त्याच्या ती रोपांसाठी पिशव्या करते. याला पॉलिमर म्हणतात. "बाबा, पॉलिमर म्हणजे बारीक बारीक कड्यांची लांबलचक साखळी," असं तिने मला समजावलं. (मी म्हटलं, म्हणजे तुझ्या माहेरचं गणगोत. ती हसली नाही.)

रोपवाटिकेचे मालक पिशव्या घ्यायला तयार झाले, पण प्रयोगशाळेचा दाखला आणा म्हणाले. दाखला नाही मिळाला तर मागची खोली बंद आणि सूनबाई पुन्हा त्या रंगाच्या वासात. म्हणून तिने सहा कुंड्यांतल्या ओल्या मातीत एकेक पट्टी पुरली, आणि नव्वद दिवसांनी तपासणीच्या बाई येऊन बघणार असं ठरलं. काय बघणार, हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं असेल, पण तेव्हा मी कानात थेंब घातले होते.

ताई, मी अडतीस वर्षं गोदाम सांभाळलं. माल खराब होऊ द्यायचा नाही, एवढं एकच काम मला येतं. तिसऱ्या आठवड्यात मी सहज माती उकरली तर पट्टीवर काळे डाग! पुढच्या आठवड्यात भोक! पोरीची एवढी मेहनत, आणि माल कुजतोय. तिला सांगावं तर तिचं मन मोडणार. आधी मी चिकटपट्टी लावून पाहिली. (ओल्या मातीत ती टिकत नाही.) शेवटी, साठाव्या दिवशी, सगळे बाहेर गेलेले पाहून मी उरलेसुरले तुकडे काढून टाकले आणि माझ्या नव्या बनियनच्या प्लास्टिक पाकिटाच्या त्याच मापाच्या सहा पट्ट्या कापून पुरल्या. त्या दिवशी मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

तपासणीच्या बाई आल्या. पहिली कुंडी उकरली. पट्टी जशीच्या तशी, चकचकीत. मी अभिमानाने सूनबाईकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पांढराफटक. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या ठणठणीत. सहाव्या पट्टीला पाकीट कमी पडलं होतं, म्हणून मी छापील बाजू घेतली होती. बाईंनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, "शंभर टक्के सुती. माप नव्वद."

"बाबा!" सूनबाई म्हणाली. "अहो, ती कुजायलाच हवी होती! कुजली तरच आपण पास!"

ताई, उभ्या आयुष्यात माल खराब होण्यावर बक्षीस असतं हे मी प्रथमच ऐकलं. मी सगळं कबूल केलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून बाईंपुढे ठेवलं. काळजीपोटी मी रोज त्यात टिपत होतो: कुंडी दोन, भोक मुगाएवढं; कुंडी चार, कडा विरल्या; कुंडी पाच, निम्मी गायब, देवा वाचव. बाई खुर्ची ओढून सगळं वाचत बसल्या. "आमच्याकडची पगारी माणसंसुद्धा एवढं बघत नाहीत हो," त्या म्हणाल्या. कॅलेंडरवर दाखला देता येत नाही, पण त्यांनी नव्याने नव्वद दिवस दिले आणि रोपवाटिकेच्या मालकांना स्वतः फोन करून थांबायला सांगितलं. सूनबाईने दोन दिवस मला बिनसाखरेचा चहा दिला. तिसऱ्या दिवशी तिने चहात साखर घातली.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की नव्या पट्ट्या पुरून झाल्या आहेत आणि माझ्या हातावर माझाच भरवसा नाही. हे नव्वद दिवस मी तुझ्याकडे राहायला येऊ का? जेवण बेताचं आहे. घोरतो, पण तालात.

ता. क. दुसरा. पाकीट सापडेना म्हणून पत्र सतरा दिवस पडून राहिलं. मधल्या काळात सूनबाईने मला वही दिली आहे. बघायचं, लिहायचं, हात लावायचा नाही. उकरायचं खुरपं तिच्याकडे. आज सकाळी तिने चौथी कुंडी उघडून दाखवली. पट्टीला भोक पडलंय, चांगलं बोट जाईल एवढं! मी शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. तेव्हा माझं अंथरूण घालू नकोस. इथे माझ्यावाचून अडेल.