डाव्या हाताची खबर

योटेबोरी, ११ मे १९७६

प्रिय गुनवोर,

तुला आणि घरच्या सगळ्यांना प्रेम. इथे हवा बरी आहे. इस्पितळातल्या हेरिंग मासळीला मात्र चव म्हणून नाही. रविवारी बाप्तिस्म्याला सुट्टी मिळेल. आपल्याकडे बाळाला धर्ममाता हातावर घेऊन नेते, तरी तुझ्या नातीला मीच नेणार म्हणून मी सगळ्यांशी भांडलो, ते तुला ठाऊकच आहे.

हाताची परीक्षा झाली. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा हात किती सुधारला, हे इथल्या उपचारतज्ज्ञ लिंडेलबाई बघतात. लाकडी ठोकळे, गोट्या, टाचण्या, सगळं बिनचूक उचललं. एक ठोकळा कडेला झिजलेला होता, तोही दाखवला. बोटींची इंजिनं मी कुठल्या शाळेत नाही, याच हातांनी शिकलो, हेही ऐकवलं.

मग त्या म्हणाल्या, "आता डोळे मिटा. उजव्या हातानं डावा अंगठा पकडा."

"हा काय पोरखेळ!" मी चाचपून पकडला. "हा घ्या."

"राग्नार, हा माझा अंगठा आहे."

"असली जादू जत्रेत दाखवा, बाई."

त्या हसल्या नाहीत. डाव्या हातात पाण्याचा पेला दिला आणि खिडकीबाहेरच्या बोटीबद्दल विचारलं. मी तिच्या इंजिनाबद्दल सांगत सुटलो. खळ्ळकन आवाज झाला. मी त्यांनाच विचारलं, "काय पाडलंत?"

गुनवोर, पेला माझ्याच हातातला होता. पाणी माझ्याच बुटांवर होतं. बोटं कधी उघडली, मला पत्ता नाही.

"हातात जोर आहे," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही बघत नसलात की त्याची खबर तुम्हाला पोचत नाही."

"कधी पोचेल?"

"पोचेलच असं सांगत नाही."

तेव्हापासून हाताकडे बघत बसलोय. माझाच आहे, पण परक्यासारखा मांडीवर पडलेला असतो.

लिहायचं होतं ते अजून लिहिलंच नाही. इस्टरला मी इस्पितळातून घरी आलो, तेव्हा बाळाला डाव्या हातावर घेऊन खिडकीशी उभा होतो. तू खालून हात लावलास. "काढ तो हात, मी काय लुळा आहे?" म्हणून मी ओरडलो. "ओरड हवं तेवढं," म्हणालीस, आणि हात तसाच ठेवलास. मी तेव्हा बाळाकडे बघतच नव्हतो गं. समुद्राकडे बघत होतो. बाळाचं वजन कुणाच्या हातावर होतं?

रविवारी तिला तूच ने. मी शेजारी उभा राहीन. कुणी विचारलं तर खरं ते सांग, मला सांगवणार नाही.

तू अशीच हट्टी राहा.

तुझा भाऊ,
राग्नार