माझ्या वर्षाची गाणी

रविवार संध्याकाळ, लालबाग

आज दादाचा पंचेचाळिसावा वाढदिवस. आप्पांनी कपाटातून जुनी कॅसेट काढून त्याच्या हातात ठेवली. तो जन्मला त्या वर्षीच्या सिनेमांची गाणी त्यांनी हौसेने भरून घेतली होती. वर त्याचं नाव, आप्पांच्या वळणदार अक्षरात.

"माझी कुठाय?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुझ्या वर्षी गाणी काय खास नव्हती गो."

सगळे हसले. मीही हसले. का हसले मी?

पाहुणे गेल्यावर भांडी घासायला घेतली, तरी ते वळणदार अक्षर डोळ्यांसमोरून हलेना. मग मोबाइलवर माझ्या वर्षाची गाणी लावली. एकेक गाजलेलं. बाहेर आप्पा सोबत गायला लागले. अंतऱ्यासकट, एकही शब्द न चुकता.

"पाठ आहे तुम्हाला?"

"मग! अख्ख्या चाळीत हेच वाजायचं तेव्हा. कुठल्या सालचं गो?"

"मी झाले त्या सालचं."

"असेल," म्हणाले, आणि चहा मागितला.

मी गाणं बंद केलं आणि आधण ठेवलं.