हिरव्यातली अक्षरं

क्वीन्सटाऊन, टास्मानिया
१४ सप्टेंबर १९८७

प्रिय डोरीन,

तुझं पाकीट मिळून दोन महिने झाले. उत्तराला उशीर झाला त्यात पोस्टाचा दोष नाही, माझाच आहे. आम्ही बरे आहोत. पाऊस आहे, म्हणजे नेहमीचंच. तुझ्या वहिनीचा, थेल्माचा, गुडघा धरलाय, तरी शनिवारी खडीच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला उभी राहून तिने पंचाला शिव्या घातल्याच. आपली टीम हरली.

आईच्या अंत्यविधीनंतर तीन वर्षांनी तुझ्या या दोन ओळी आल्या : ‘जुनं घर पाडताना चुलीमागच्या विटांत हे सापडलं. तांब्यातलं तुला कळतं, तूच बघ.’ मी थेल्माला म्हणालो, “बघ, शेवटी आलीच ना माझ्याकडे!”

“नाक खाली कर आणि आधी तिला फोन कर,” ती म्हणाली. तो काही मी केला नाही.

आता नाण्याचं सांगतो. जुनी मोठी तांब्याची पेनी. दोन्ही बाजू कोणीतरी घासून सपाट केलेल्या आणि वर हिरवा गंज, कडेला भुकटी सुटत होती. भिंगाखाली ओरखडे दिसले, अक्षरांसारखे. म्हणून होबार्टच्या एका संग्रहालयात फोन लावला. तिथली पोरगी म्हणाली, “मिस्टर हेन्स्ली, घासू नका आणि ॲसिडला तर हातच लावू नका. तांबं इतकं खाल्लं गेलं की नाण्याचा मूळ पृष्ठभाग गंजातच उरतो. अक्षरं असलीच तर त्या हिरव्यात आहेत, त्याच्या खाली नाहीत. सुईने, कणाकणाने काढावं लागतं. पाठवून द्या, चार महिने लागतील.”

चार महिने! खाणीच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं तांबं विरघळवलं, आणि माझ्या नातीच्या वयाची मुलगी मला शिकवतेय. “बरं बरं,” म्हणून फोन ठेवला आणि खाणीतल्या बेसिलकडून पातळ ॲसिडची बाटली मागवली. आमची पद्धत ठरलेली आहे : आधी वरचं विरघळव, मग आत काय आहे ते बघ. थेल्मा दारातून म्हणाली, “नेव्हिल, ते नाणं आहे, खाणीतला दगड नाही.”

“तू तुझा केक भाजायला ठेव,” मी म्हणालो.

पहिल्यांदा जेमतेम दोन मिनिटं बुडवलं. माती आणि वरची भुकटी गेली, खालच्या काळपट थरात अक्षरं दिसली. मग आणखी स्वच्छ व्हावं म्हणून परत बुडवलं, आणि सगळंच गेलं.

असं लिहिलेली दोन पत्रं मी फाडली. कारण ते खरं नाही.

डोरीन, अक्षरं मी वाचली होती. स्पष्ट होती. अंत्यविधीनंतर चहाच्या टेबलाशी तू म्हणालीस, की बाबांचे पणजोबा जोब इंग्लंडहून इथे कैदी म्हणून आले. मी सगळ्यांसमोर तुला खोटारडी म्हणालो. बाबांनी आपल्याला सांगितलं होतं की जोब स्वतःच्या पैशाने, बोटीत वेगळी खोली घेऊन आला. तेच मी जन्मभर चर्चमध्ये आणि खाणीत सांगत फिरलो. आणि भिंगाखाली बघतो तर तुझंच खरं. मला राग आला, जोबचा नाही, तुझा. स्वच्छ करण्याचं निमित्त होतं, पण मी मुद्दाम ते परत ॲसिडमध्ये सोडलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

थेल्माने लाकडी चमच्याने ते बाहेर काढलं, तेव्हा खड्डे पडलेली गुलाबी चकती उरली होती. चकती माझ्या भिंगाशेजारी ठेवून ती आत गेली.

तरी ती चकती होबार्टला पाठवली. त्या मुलीने तपासून कळवलं, ‘काहीही उरलेलं नाही.’ एवढंच. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. नाणं आता परत आलंय आणि या पत्रासोबत पाठवतोय. पुडी ओलसर जागी ठेवू नकोस.

त्यावर काय होतं, ते ओळीला ओळ लिहितो. एका बाजूला : ‘जोब हेन्स्ली. सात वर्षं. १८३१.’ दुसऱ्या बाजूला : ‘आईस. रडू नकोस.’

बोटीवर चढण्याआधी कैदी नाव आणि शिक्षेची वर्षं कोरून घरच्यांसाठी अशी नाणी करत, असं ती मुलगी म्हणाली. म्हणजे त्याने ते आईसाठी केलं, आणि सापडलं इथे, आपल्याच घरात; तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही. हे कळल्यापासून माझी झोप उडालीय.

तुझा एकमेव पुरावा मी नाहीसा केला. तो वाचलेला जिवंत माणूस मी एकटाच, आणि माझ्यावर विश्वास का ठेवावा, याचं एकही कारण मी तुला देऊ शकत नाही. जानेवारीत सगळे हेन्स्ली जमतील तेव्हा हे पत्र वाचून दाखव. मी समोर बसेन. कोणी विचारलंच तर उभा राहीन.

वर लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आणि माझ्याच हातांनी पुसलं.

कैदी जोब हेन्स्लीचा खापरपणतू, आणि तू म्हणू देशील तर तुझा भाऊ,

नेव्हिल