भिंतीवरची अंजली

२० नोव्हेंबर १९९६, बुधवार

चित्र मिळालं! सकाळच्या एस.टी.नं बारामतीहून वडगाव निंबाळकरला गेले. रंगुबाई दारातच उभ्या होत्या. त्यांची लेक अंजली सतराव्या वर्षी काविळीनं गेली, त्याला सात वर्षं झाली. फोटो एकही नाही. थोरल्या भावानं, बुद्धघोषनं, ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीनं तिचं चित्र काढलेलं — तेवढंच. तो आमच्या कॉलेजात शिकायला होता तेव्हा मला दाखवलं होतं. आता लोणी देवकरला कारखान्यात आहे. चित्रं सुटली.

रंगुबाई खिळ्यावरून काढून देईनात. 'बाई, भिंत उघडी पडंल की.' मी सगळं सांगितलं — आपल्या तालुक्यांतल्या माणसांची चित्रं, कॉलेजचं नवं कलादालन, दर शनिवारी व्याख्यान, एका महिन्याचा तर प्रश्न. चार लोक अंजलीला बघतील. शेवटी पदरानं काच पुसली आणि माझ्या हातात दिलं.

'परत तूच आणून दे. दुसऱ्याच्या हाती नगं.'

शब्द दिला, लिहूनही दिलं.

३० नोव्हेंबर

उद्घाटन. प्रमुख पाहुणे इंदापूरचे संभाजीराव. दालनाचं छप्पर त्यांच्यामुळेच झालं, त्यामुळे प्राचार्यांची सकाळपासून नुसती धावपळ. भाषण झाल्यावर पाहुणे चित्रं बघत निघाले आणि अंजलीपाशी थांबले. 'वा! काय डोळे आहेत पोरीचे!'

एवढंच म्हणाले ते. प्राचार्यांनी तिथल्या तिथं चित्र खिळ्यावरून उतरवलं — 'संस्थेच्या वतीनं साहेबांना छोटीशी भेट!' टाळ्या. फोटो. मी तीन हात अंतरावर शाल-श्रीफळाचं ताट घेऊन उभी.

ताट खाली ठेवून मीही टाळ्या वाजवल्या. इथं तरी खोटं कशाला लिहू?

२ डिसेंबर

प्राचार्यांकडे गेले. चित्र परत करू असं रंगुबाईंना लिहून दिलेल्या पत्राची माझ्याकडची प्रत दाखवली. त्यांनी चष्मा काढला. 'मॅडम, यावर सही तुमची आहे, संस्थेची नाही. आणि दिलेली वस्तू परत मागायची? संभाजीरावांकडे? त्या बाईला दुसरं एखादं द्या की. निसर्गचित्र द्या!'

निसर्गचित्र!!

४ डिसेंबर

इंदापूरला फोन. साहेब मुंबईला.

५ डिसेंबर

साहेब मळ्यात.

७ डिसेंबर, शनिवार

आज पहिलं व्याख्यान. पुण्याचे वक्ते, विषय 'व्यक्तिचित्रातला चेहरा'. छान बोलत होते, पण माझं लक्ष दाराकडे. आणि व्हायचं तेच झालं — रंगुबाई आल्या! सोबत बुद्धघोष. पांढरं लुगडं, नवी चप्पल. लेकीला बघायला आलेल्या. भिंतीवरची सगळी चित्रं बघत बघत मोकळ्या खिळ्यापाशी आल्या आणि थबकल्या. मग मागच्या खुर्चीवर बसून राहिल्या. मला उठून जवळ जायचं धाडस होईना.

वक्त्यांनी विचारलं, 'कुणाला काही विचारायचंय?'

मागून आवाज आला — 'माझी अंजली कुठं हाय?'

आमचा सूत्रसंचालक धावत माइकपाशी. 'अंजली नावाची मुलगी हरवली आहे. ती जिथं असेल तिथून तिनं व्यासपीठाजवळ यावं, तिची आई वाट बघत आहे…' सगळं सभागृह वळून पोर शोधायला लागलं. दोघीतिघी व्हरांड्यात जाऊन हाका मारून आल्या.

मी त्यांना बाहेर नेलं आणि पायरीवर बसवून सगळं सांगितलं. टाळ्यांचं सोडून.

बुद्धघोष एवढंच म्हणाला, 'मॅडम, तुमच्या भरवशावर दिलं हुतं आईनं.'

रंगुबाई रडल्या नाहीत. 'इंदापूरच्या त्या मोठ्या बंगल्यात?' त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणाले.

११ डिसेंबर

रजा टाकून इंदापूरला. संभाजीरावांच्या पत्नी कौसल्याबाईंनी आत बोलावलं, चहा दिला. अंजली दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर! खाली दहा-बारा माणसं, साहेब मधोमध. 'या मॅडम, बघा, तुमचं चित्र कसं शोभतंय!' सगळ्यांनी वर बघितलं.

चहा संपवला. बरं म्हणाले. निघाले.

बसस्टँडवर तासभर बसून होते. परत फिरावंसं दहा वेळा वाटलं. फिरले नाही.

१४ डिसेंबर

दुसरं व्याख्यान. श्रोते बारा. प्राचार्यांनी मोकळ्या खिळ्यावर कॅलेंडर लावून घेतलंय.

२१ डिसेंबर

प्रदर्शन संपलं. बाकी सगळी चित्रं ज्याची त्याला पोचवली. वडगावची एस.टी. समोरून गेली तरी मान खाली घालते.

२ जानेवारी १९९७

कौसल्याबाईंचा फोन! 'ते चित्र घेऊन जा.' पुढचा तास कुणाला तरी घ्यायला सांगून पळतच सुटले.

चित्र मागच्या पडवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. कौसल्याबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, 'येणारे-जाणारे विचारतात, कुणाची लेक? चौकशी केली तेव्हा कळलं, कुठल्या आळीतली ते. आता काय सांगायचं लोकांना? तू आपल्यातलीच, म्हणून बोलते.'

आजही मी त्यांच्यासमोर नुसती मान हलवली आणि चित्र उचललं. स्वतःची किळस आली. बारामतीपर्यंत ते मांडीवर धरून बसले होते — आणि तरी आतून आनंद होत होता. मिळालं! उद्याच नेऊन देते.

३ जानेवारी

वडगाव. कागद सोडला. रंगुबाईंनी चित्र हातात घेतलंच नाही, नुसतं बघत राहिल्या.

'सासूचं म्हायेर इंदापूरचं. त्याच घराच्या वट्ट्याखाली उभी ऱ्हाऊन ताक मागायची ती, वर पाय ठेवायची सोय न्हवती. आन माझी अंजली आत, भिंतीवर नांदत हुती. साऱ्या आळीला सांगितलं म्या.'

मग माझ्याकडे वळल्या. 'त्यांनी काढून दिली, का तू मागितलीस?'

मी म्हणाले — मीच मागितली.