तक्त्यावरची पांढरी जागा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, रेल्वेच्या वेळापत्रक शाखेतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना तो पुरणार नाही त्यांनी मला कोणत्याही दोन गाड्यांची गाठ कोणत्या स्टेशनात पडते ते विचारून पाहावे. हे लिहिताना कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आयुष्यात एकदाच चालला, ते कलम चारमध्ये येईल.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या एका मुलीला. पुढचा व्हरांडा बंद करून खोली काढायचे जावयांच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. मी गेल्यावर खुशाल काढा. मागच्या खोलीचे मात्र कलम पाच पाहावे.

२. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे, ते तसेच ठेवावे. आमचे हे वेळापत्रकवालीचे नवरे असून जन्मभर गाड्या चुकवत आले, म्हणून मी ते पुढे केले. ते त्यांच्या ध्यानात आले आणि ते आणखी पाच मिनिटे उशिरा निघू लागले. माणूस गोड होता. त्यांची फार आठवण येते.

३. शाखेत माझ्या खुर्चीवर आता जी मुलगी बसते, तिला माझी लांब पितळी पट्टी. ती तक्ता संगणकावर काढते, तरीही. अट एकच: नवे वेळापत्रक आखण्याआधी तिने रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीबरोबर एक दिवस पायी चालावे. मी एकतीस वर्षांत एकदाही चालले नाही.

माझे खोडरबर आमच्या त्या वेळच्या साहेबांना. त्यांचे काही खोडायचे राहिले असेल तर उपयोगी पडेल.

४. हे कलम सहीच्या आधी माझ्या धाकट्या भावासमोर मोठ्याने वाचावे. त्याला तसे पत्र घातले आहे. येईल न येईल, त्याची मर्जी. एकोणीस वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही.

ज्यांनी आमचा तक्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आडव्या रेघा म्हणजे स्टेशने, उभ्या रेघा म्हणजे वेळ, आणि तिरप्या रेघा म्हणजे गाड्या. मधे जी पांढरी जागा उरते, त्या वेळात रुळांची दुरुस्ती होते. तिला ब्लॉक म्हणतात. साहेबांना ती जागा बघवत नसे. "एवढं मोकळं ठेवून काय करायचंय?" असे म्हणत त्यांनी दुपारची एक नवी जलद गाडी माझ्या गळ्यात मारली. मी नाही म्हणायला हवे होते. ती बसवता बसवता मी ब्लॉक ऐंशी मिनिटांवर आणला, आणि त्यातही चुकले. आधीची गाडी आपल्या स्टेशनातून सुटली की ब्लॉक सुरू, असे मी धरले. खरे तर एकेरी मार्गावर ती पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत रूळ तिचाच असतो. ते अंतर चौदा मिनिटांचे.

त्या मार्गावर रुळांचा मुकादम माझा धाकटा भाऊ होता. त्याच्या हातात रूळ आला तोच चौदा मिनिटे उशिरा. त्याने ऐंशी मिनिटेच काम केले, बोल्ट पक्के होईपर्यंत गाडी सोडू दिली नाही, आणि जलद गाडी चौदा मिनिटे उभी राहिली. तिच्यात वरिष्ठ मंडळी होती. चौकशी लागली. मला विचारले, "ब्लॉक किती मिनिटांचा होता?" मी म्हणाले, "तक्त्यावर ऐंशी आहे."

शब्द खरा होता आणि मी खोटे बोलले. नोकरीची भीती वाटली, त्याहून जास्त हुशारीचा तोरा जाईल याची वाटली. धाकट्याला मुकादमाचा पुन्हा साधा कामगार केला. त्या संध्याकाळी तो दारात आला, चप्पल काढली नाही. म्हणाला, "ताई, ती जागा रिकामी नव्हती गं. तिथं माझी बारा माणसं होती." आणि गेला.

पुढच्या वेळापत्रकात मी गुपचूप तो ब्लॉक चौऱ्याण्णव मिनिटांचा केला. तो आकडा त्याने पाहिला असणारच. म्हणजे मला कळले आहे, हेही त्याला कळले असणार.

चूक माझी होती. त्याची नव्हती. मूळ तक्ता आणि माझा सहीचा जबाब आजच रेल्वेला पाठवला आहे. त्याच्या नावापुढचा शेरा काढावा, एवढी विनंती.

५. मागची खोली धाकट्याने तो असेपर्यंत वापरावी. भावजय गेल्यापासून तो एकटाच असतो.

दुरुस्ती, आजच, सहीच्या वेळी लिहिली:

धाकटा आला. मी अकराची वेळ कळवली होती, तो अकरा वाजून चौदा मिनिटांनी आला आणि म्हणाला, "झाली फिटंफाट." वकीलबाईंनी कलम चार वाचले. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी रडले, ते लिहायला लाज नाही.

तेवढ्यात दुसरे साक्षीदार, कोपऱ्यावरचे शिंपीकाका, यांचा निरोप आला की गुडघा धरला आहे. वकीलबाई म्हणाल्या, "मग पुढच्या आठवड्यात करू." धाकटा म्हणाला, "कशाला? मी आहे ना." वकीलबाईंनी समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, खोली हातची जाईल.

"जाऊ दे की," तो म्हणाला. "तिनं इतक्या वर्षांनी खरं लिहिलंय. त्याखाली माझी सही नको?" मग माझ्याकडे वळला. "आणि खोलीत राहायला तू मरायची वाट कशाला बघू? पिशवी घेऊन आलोय. घड्याळ पुढं आहे तुझं, ते आधी नीट कर."

म्हणून कलम पाच रद्द. कलम दोन कायम. घड्याळाला हात लावू देणार नाही.

लिहून देणार: सही (ताई)

साक्षीदार:
१. सही (शेजारीण, निवृत्त परिचारिका)
२. सही (धाकटा भाऊ, मुकादम)

ठिकाण: घराची पुढची खोली
दिनांक: नवे वेळापत्रक लागू होण्याचा आदला दिवस, दुपारी बारा, भिंतीवर बारा पाच